क्लिप गावोगावी पोचते, नाव मात्र वाटेतच गळते

बेळगाव असो, बडोदा असो की इंदूर, मराठी घरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक कार्टून फिल्म वर्षातून दोन-तीनदा तरी फिरून येतेच. बागेत खेळणारी मुले, त्यांना गोष्ट सांगणारी ताई, शिकाऱ्याच्या जाळ्यात अडकलेले पक्षी, सगळ्यांनी एकदम जोर लावून जाळ्यासकट उडून जाणे आणि मग उंदरांनी जाळे कुरतडणे. खाली एखादी ओळ असते, ‘दूरदर्शनचे सोन्याचे दिवस’ किंवा नुसतेच ‘लहानपण आठवले का?’ त्यावर वीस-पंचवीस अंगठे येतात, हात जोडलेले येतात, एखादा डोळे पुसणारा चेहराही येतो. पण ही फिल्म केली कुणी, असे त्याच ग्रुपवर विचारून बघा. सगळे गप्प.

फिल्मचे नाव ‘एक अनेक और एकता’, साल १९७४. दिग्दर्शिका विजया मुळे, मुंबईत जन्मलेल्या. अभिनेत्री सुहासिनी मुळे या त्यांच्या कन्या. अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचे, म्हणजे ‘घरौंदा’ चित्रपट करणारे भीमसेन. गायक भीमसेन जोशी वेगळे, ही गल्लत बरेच जण करतात. संगीत वसंत देसाई यांचे. ‘झनक झनक पायल बाजे’, ‘दो आँखे बारह हाथ’, ‘गुड्डी’ या चित्रपटांना संगीत देणारे देसाई मूळचे सिंधुदुर्गातल्या कुडाळ भागातले, म्हणजे गोव्याच्या वेशीवरचेच. गाणारी मुलगी दाभोळची साधना घाणेकर, वय तेव्हा जेमतेम पाच-सहा. पुढे तिला सगळ्यांनी साधना सरगम म्हणून ओळखले. शब्द लिहिले पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांनी. दिल्लीत १९३९ साली गांधर्व महाविद्यालय सुरू करणारे ते हेच. ती परंपरा विष्णु दिगंबर पलुस्करांची आणि पलुस्कर कुरुंदवाडचे. म्हणजे हिंदी म्हणून फिरणाऱ्या या सात मिनिटांच्या फिल्ममागे अर्धी पंगत मराठी बसलेली आहे आणि मराठी ग्रुपवरच ती बिननावाची फिरते आहे.

हे काही कुणी मुद्दाम करत नाही. क्लिप एका फोनवरून दुसऱ्या फोनवर ज्या वाटेने जाते, त्या वाटेतच नाव गळते. ही वाट समजून घेतली तर आवडलेली क्लिप दुसऱ्याला पाठवताना काय हरवते आणि ते कसे टिकवता येते, हे लक्षात येते. शिवाय प्रश्न फक्त जुन्या आठवणींचा नाही. आज सीमाभागात शंभर-दोनशे रुपयांच्या माइकवर गाणी करून टाकणारी जी पोरे आहेत, त्यांच्या हातात चार पैसे पडणार की नाही, हेही याच वाटेवर ठरते.

अकाउंट पेयी आणि बेअरर

क्लिप पाठवण्याचे मुख्य प्रकार दोन. एक, लिंक पाठवणे. दुसरा, फाइल पाठवणे. बघणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात, कारण बोट लावले की गाणे वाजते. हिशेब मात्र पूर्ण वेगळा.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर लिंक म्हणजे ‘अकाउंट पेयी’ चेक. तो कुणाच्याही हातून जावो, दहा जणांच्या खिशातून फिरो, जमा होणार ज्याचे नाव आहे त्याच्याच खात्यात. फाइल म्हणजे ‘बेअरर’ चेक. ज्याच्या हातात, त्याचा.

लिंक उघडली की माणूस मूळ जागी जातो. तिथे वर शीर्षक असते, खाली चॅनेलचे नाव, त्याखाली वर्णन. गायक, वादक, कॅमेरा, संकलन यांची नावे बहुतेक वेळा या वर्णनातच लिहिलेली असतात. बघितल्याची नोंद होते. जाहिरात लागली तर तिचा वाटा चॅनेलवाल्याला मिळतो. यूट्यूबचा दर असा आहे: मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतून आलेल्या रुपयातले ५५ पैसे व्हिडिओ करणाऱ्याला. शॉर्ट्सचा हिशेब १ फेब्रुवारी २०२३ पासून सुरू झाला. तिथे जाहिरातींचे पैसे आधी एकत्र गोळा होतात, त्यातून संगीताच्या हक्कांचा खर्च वजा होतो आणि व्हिडिओवाल्याच्या वाटणीला जे येते, त्यातले ४५ टक्के त्याच्या हातात पडतात. हे पैसे सुरू होण्यासाठी आधी १,००० सबस्क्रायबर लागतात आणि वर्षभरात ४,००० तास बघितले गेलेले असावे लागतात, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यू. गावातल्या माणसासाठी हा उंबरठा उंचच आहे.

आता तीच क्लिप फाइल होऊन फिरली तर? व्हिडिओ चित्र आणि आवाज घेऊन निघतो; शीर्षक, वर्णन, चॅनेल सगळे मागे राहते. व्हॉट्सअ‍ॅपवर ती पाच हजार जणांनी बघितली तरी करणाऱ्याच्या वहीत शून्य. चार हजार तासांतला एक मिनिटही त्यातून भरत नाही. वर चित्रही बारीक होते, कारण डेटा वाचावा म्हणून अ‍ॅप फाइल दाबून लहान करते. नुसते फॉरवर्ड केल्याने दर वेळी चित्र बिघडते असे नाही. पण मधल्या कुणी स्क्रीन रेकॉर्ड केले, स्टेटसवरून उतरवून घेतले, वर स्वतःच्या पेजचा लोगो चिकटवून पुन्हा चढवले, की दर वेळी थोडे धुसर होते. दहाव्या हातात पोचेपर्यंत चेहरा ओळखू येत नाही आणि लोगो मात्र ठसठशीत दिसतो. तो लोगो ना गाणाऱ्याचा असतो ना चित्रीकरण करणाऱ्याचा. मधल्यानेच पाटी लावलेली.

फॉरवर्डला आळा घालायचे प्रयत्न झाले, पण ते या कारणासाठी नव्हेत. अफवांवरून जमावाने माणसे मारल्याच्या घटना घडल्यावर जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटची मर्यादा आणली. ‘फॉरवर्डेड’ ही पाटीही त्याच सुमारास आली. एप्रिल २०२० पासून खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. मेसेज अनेक हातांतून आला हे त्या पाटीवरून कळते. कुठनं निघाला ते कळत नाही.

ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे ते यंत्र

नाव गळाल्यावर ती जागा रिकामी राहत नाही, तिथे कुणीतरी गोष्ट भरतो. याचा एक जुना आणि मजेशीर दाखला आहे. बऱ्याच वाचकांनी ती क्लिप कधी ना कधी बघितली असेल. नळ्यांमधून लहान चेंडू उडतात, ढोलावर आपटतात, तारांवर पडतात, लाकडी पट्ट्यांवर टणटण वाजतात, आणि एकही चेंडू चुकत नाही. सोबतच्या मजकुरात सांगितलेले असते की हे यंत्र अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात बांधले, त्यातले ९७ टक्के भाग जॉन डियर या शेती-अवजारांच्या कंपनीचे, आणि जुळवाजुळव करायला १३,०२९ तास लागले. आपल्याकडे जॉन डियर ट्रॅक्टरमुळे ठाऊक, त्यामुळे शेतकरी घरात तर ही क्लिप फारच आवडीने बघितली जाते.

असे यंत्र कधी नव्हतेच. ते कंप्युटरवर तयार केलेले चलतचित्र आहे. नाव ‘पाइप ड्रीम’, साल २००१, करणारे अ‍ॅनिम्यूझिक या छोट्या अमेरिकन कंपनीचे वेन लायटल. आयोवा विद्यापीठाचा आणि ट्रॅक्टर कंपनीचा काडीचा संबंध नाही. हा खोटा मजकूर आधी ई-मेलमधून फिरला, मग फेसबुकवरून, मग व्हॉट्सअ‍ॅपवरून.

खरे तर मूळ गोष्टच जास्त भारी आहे. अ‍ॅनिमेशनमध्ये चित्र आधी हलवून पार्श्वसंगीत नंतर बसवण्याची पद्धत बरीच आहे. लायटल यांनी उलट केले. संगीत आधी लिहिले, प्रत्येक सुराची वेळ कंप्युटरला दिली आणि त्यांच्या सॉफ्टवेअरने हिशेब केला की अमुक सूर अमुक क्षणी वाजायचा असेल तर चेंडू नळीतून किती आधी सुटला पाहिजे. म्हणजे चेंडू सुराच्या मागे धावतात. ही हुशारी त्या १३,०२९ तासांच्या थापेखाली गाडली गेली. एवढा नेमका आकडा कोण बनवून सांगेल, असे वाचणाऱ्याला वाटते. लबाड माणूस गोल आकडा सांगत नाही, हे हिशेबनीसांना चांगले ठाऊक असते.

गंमत म्हणजे २०११ मध्ये इंटेल कंपनीने त्या चलतचित्रावरून सुचून खरोखरच चेंडू उडवणारे, वाजणारे यंत्र बांधून घेतले आणि आपल्या कार्यक्रमात चालवून दाखवले. आणि मार्च २०१६ मध्ये स्वीडनच्या विंटरगाटन या बँडच्या मार्टिन मोलिनने ‘मार्बल मशीन’चा व्हिडिओ टाकला. लाकडाचे भले मोठे यंत्र, हाताने फिरवायचे चाक, २,००० पोलादी गोळ्या. एकेक गोळी पडते आणि एकेक सूर वाजतो. हे मात्र शंभर टक्के खरे, वर्षाहून जास्त काळ खपून स्वतःच्या हाताने बनवलेले. आता ही दोन्ही क्लिप बिननावाच्या, शेजारी शेजारी एखाद्याच्या फोनवर आल्या तर खरी कुठली आणि कंप्युटरची कुठली, सांगणार कसे? खोटीला मेहनतीचे श्रेय मिळते आणि ज्याने खरी मेहनत केली, त्याचा व्हिडिओ ‘हे काय, कंप्युटरवर केलंय’ म्हणून लोक पुढे ढकलतात.

ट्रेडमिलवाल्यांचे भांडण

वाटण्याने कलाकाराचे नुकसानच होते असा अर्थ मात्र कुणी काढू नये. ओके गो या अमेरिकन बँडची कहाणी बरोबर उलट आहे.

चार जण, जिममधल्या आठ ट्रेडमिल, एकच कॅमेरा आणि न थांबता घेतलेला एकच शॉट. गाणे ‘हिअर इट गोज अगेन’. नाच बसवला होता गायक डेमियन कुलाशच्या बहिणीने, ट्रिश सी हिने. ३१ जुलै २००६ ला हा व्हिडिओ यूट्यूबवर आला. यूट्यूब तेव्हा जेमतेम सव्वा वर्षाचे होते. ना मोठा सेट, ना नट्या, ना परदेशी लोकेशन. लोकांनी तो एकमेकांना पाठवला, आपापल्या ब्लॉगवर लावला, आणि २००७ मध्ये त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. हा बँड जगभर माहीत झाला तो लोकांनी व्हिडिओ वाटल्यामुळे. पैसे ओतून केलेल्या जाहिरातीमुळे नव्हे.

ब्लॉगवर लावणे म्हणजे काय, तेही सांगायला हवे. याला ‘एम्बेड’ म्हणतात. व्हिडिओ दुसऱ्याच्या वेबसाइटवर खिडकीसारखा दिसतो, पण वाजतो मूळ जागेवरूनच. नाव कायम राहते, व्ह्यू मोजला जातो. फाइल उतरवून घेण्यासारखे हे नाही.

पण त्यांच्या संगीत कंपनीला, ईएमआयला, हे बघवले नाही. यूट्यूबच्या स्वतःच्या पानावर बघितले तरच कंपनीला पैसे मिळत, बाहेरच्या खिडकीत बघितले तर नाही. म्हणून कंपनीने एम्बेडची सोयच बंद करून टाकली. कुलाशने फेब्रुवारी २०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून आकडा सांगितला: त्या ट्रेडमिलच्या व्हिडिओला रोज सुमारे १०,००० जण बघत होते, सोय बंद झाल्यावर ते हजाराच्या आसपास आले. नव्वद टक्के गिऱ्हाईक गेले. गल्ल्यातले सुटे पैसे मोजत बसलेल्या दुकानदाराने रस्त्याकडचे दारच बंद करून घ्यावे, तसला हा व्यवहार.

मार्च २०१० च्या पहिल्या तारखेला त्यांचा पुढचा व्हिडिओ आला, ‘धिस टू शॅल पास’. एका गोदामात मांडलेला पसारा. खेळण्यातला ट्रक डॉमिनोच्या पट्ट्यांना धक्का देतो, त्या पुढच्या वस्तूला, ती आणखी पुढच्या, असे चार मिनिटे गाण्याच्या तालावर चालते आणि शेवटी चौघांच्या अंगावर रंग उडतो. साठाहून जास्त वेळा प्रयत्न करावा लागला. यातला पैसा एका विमा कंपनीने दिला होता, म्हणून हा व्हिडिओ कुठेही लावायची मोकळीक मिळाली. त्याच महिन्यात बँडने ईएमआय सोडली आणि स्वतःची कंपनी काढली. पुढे २०१४ मध्ये जपानमध्ये ड्रोनवरून, २०१६ मध्ये रशियात विमानातल्या भारहीन अवस्थेत, असे त्यांचे एकेक उद्योग झाले आणि दर वेळी खर्चाला कुणीतरी कंपनी उभी राहिली. कारण व्हिडिओ वाटला जातो आणि वाटला जाताना तो कुणाचा आहे हे कळते, याची त्या कंपनीला खात्री होती.

लग्नात चालते, मग व्हिडिओ म्यूट का?

आता आपल्या दारातला प्रश्न. सीमाभागात हळदीला, वरातीला ‘झिंगाट’ वाजले नाही असे लग्न २०१६ नंतर शोधावे लागेल. ‘सैराट’ त्या वर्षी २९ एप्रिलला आला. वर्षभरात त्याचा कन्नड अवतार ‘मनसु मल्लिगे’ आला, त्यातही रिंकू राजगुरूच होती. त्यामुळे बेळगावच्या एकाच मांडवात मराठी आणि कन्नड दोन्ही झिंगाट वाजलेले आहेत. भाषेच्या भांडणात डीजेवाला पडत नाही.

घोटाळा होतो तो नंतर. वरातीचा व्हिडिओ हौसेने यूट्यूबवर किंवा फेसबुकवर टाकला की आवाज गायब होतो, नाहीतर ‘कॉपीराइट क्लेम’ असा मेसेज येतो. लोक चिडतात. लग्नात वाजवायला तर कायद्याने मुभा आहे म्हणतात!

मुभा आहेच. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभात गाणी वाजवण्याला सूट आहे, आणि त्यात लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले इतर सामाजिक कार्यक्रमही येतात, असे कायद्यातच स्पष्टीकरण दिले आहे. पण ही सूट समारंभात वाजवण्यापुरती. त्याचे रेकॉर्डिंग जगासमोर चढवणे हा वेगळा व्यवहार. वाजवण्याच्या सुटीवरूनसुद्धा वाद संपलेले नाहीत. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये परिपत्रक काढून लग्नसमारंभात गाण्यांसाठी परवानगी वा शुल्क लागत नसल्याचे सांगितले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केले. कायद्यातली सूट आहे तिथेच आहे, फक्त सरकारला परिपत्रक काढून तिचा पैस वाढवता येणार नाही.

आणि आवाज गायब करतो कोण? माणूस नव्हे, यंत्रणा. यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ २००७ पासून चालते. संगीत कंपनी आपल्या गाण्याची मूळ प्रत यूट्यूबकडे देऊन ठेवते. रोज चढणारा प्रत्येक व्हिडिओ त्या प्रतींशी ताडून बघितला जातो. ठसा जुळला की कंपनीने आधीच सांगून ठेवलेले होते: व्हिडिओ अडवायचा, की चालू ठेवून जाहिरातीचे पैसे कंपनीने घ्यायचे, की नुसती नोंद ठेवायची. देशागणिक वेगळा हुकूमही देता येतो. म्हणून तोच व्हिडिओ इथे दिसतो आणि दुबईतल्या मामाला दिसत नाही.

अशा क्लेमने घाबरून जायचे कारण नाही. क्लेम वेगळा आणि स्ट्राइक वेगळा. क्लेममध्ये बहुतेक वेळा पैसे दुसरीकडे वळतात, एवढेच. स्ट्राइक हक्कदाराच्या रीतसर तक्रारीवरून येतो आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनेल बंद होऊ शकते.

या सगळ्यात एक बोच आहे. मोठ्या कंपनीच्या गाण्याचे दहा सेकंद वरातीत वाजले तरी यंत्रणा ओळखते. गावातल्या हलगीवाल्याची अख्खी क्लिप दुसऱ्याने आपल्या पेजवर चढवली तर ती ओळखत नाही, कारण त्या हलगीवाल्याची मूळ प्रत यंत्रणेत कुणी ठेवलेलीच नाही. कंटेंट आयडी सरसकट सगळ्यांना मिळत नाही. ज्यांच्याकडे हक्कांचा मोठा साठा आहे अशांनाच मिळते.

शेंगदाणेवाल्याचे काय झाले

पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातले भुबन बड्याकर सायकलवरून गावोगावी कच्चे शेंगदाणे विकायचे. जुने मोडके सामान घ्यायचे आणि बदल्यात शेंगदाणे द्यायचे. गिऱ्हाईक यावे म्हणून स्वतःच रचलेले गाणे म्हणायचे. कुणीतरी फोनवर ते टिपले आणि चढवले. २०२१ च्या शेवटी ‘कच्चा बादाम’ देशभर आणि देशाबाहेर नाचवला जाऊ लागला. आपल्याकडेही शाळेच्या गॅदरिंगपासून गणपतीपर्यंत तो पोचला. इतर लोक गाण्यावर कमावत होते आणि हे अजून सायकलवरच. शेवटी बड्याकर पोलिस ठाण्यात गेले, गाणे माझे आहे आणि मला काही मिळत नाही म्हणून. त्यानंतर २०२२ मध्ये एका संगीत कंपनीने त्यांना पैसे दिले. पुढेही गाण्याचे हक्क कुणाकडे यावरून त्यांना तक्रार करावी लागलीच.

तरी ते नशीबवान म्हणायचे. गाणे इतके गाजले की पत्रकार शोधत त्यांच्या गावी गेले आणि नाव सापडले. जे थोडेसेच गाजते, दोन जिल्ह्यांपुरते, त्याच्या मागावर कोण जाणार?

कायदा याबाबत वाटतो तितका मुका नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार रचना माझी आहे असे सांगण्याचा हक्क रचनाकाराकडेच राहतो, हक्क विकून टाकले तरीसुद्धा. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३८ब आले आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कलाकारालाही ‘सादर करणारा मी’ अशी ओळख मागण्याचा हक्क मिळाला. वापराच्या पद्धतीमुळे नाव देणे शक्यच नसेल तेवढा अपवाद. बिनपरवाना चढवलेल्या क्लिपबद्दल संकेतस्थळाकडे लेखी तक्रार केली तर ३६ तासांत ती काढायची तरतूद कॉपीराइट नियम २०१३ मध्ये आहे. मात्र २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर संकेतस्थळ ती पुन्हा लावू शकते. कोर्टाच्या पायऱ्या चढणे गावच्या कलाकाराला परवडत नाही, हे उघड आहे. म्हणून त्याच्यासाठी जास्त कामाची गोष्ट साधी आहे: नाव क्लिपच्या आतच असणे. वर्णनात लिहिलेले नाव फाइलबरोबर जात नाही, पण चित्रावर कोपऱ्यात लिहिलेले जाते. तेही अगदी कडेला नको, कारण कडा कापणारे असतातच. देवनागरीत लिहावे आणि रोमन लिपीतही लिहावे. बेळगाव-बेळगावी, बडोदा-वडोदरा अशी दोन-दोन नावे असलेल्या गावांनी तर दोन्ही नावे घालावीत. शोधणारा कुठल्या नावाने शोधील, सांगता येत नाही.

लिंक उघडत नाही त्याचे काय?

‘लिंक पाठव’ म्हणणे सोपे आहे. खानापूरच्या जंगलपट्ट्यात किंवा चंदगडच्या वाड्यांवर रेंज येते-जाते, तिथे लिंक नुसती गोल फिरत बसते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना लिंक म्हणजे ओटीपी जाण्याची भीती, आणि ती भीती अगदीच चुकीची नाही. फाइल एकदा उतरली की नेटशिवाय चालते, नातवाला चार वेळा दाखवता येते. म्हणून फाइल पाठवूच नका असे सांगून उपयोग नाही, कुणी ऐकणार नाही.

मधला मार्ग आहे. फाइल पाठवा, पण तिच्या खालीच कॅप्शनमध्ये दोन ओळी लिहा: कुणी केली, कुठली, आणि मूळ लिंक. पूर्वी पुढे पाठवताना कॅप्शन गळायचे. आता व्हॉट्सअ‍ॅपवर ते फाइलबरोबर पुढे जाते. वेगळ्या मेसेजमध्ये नाव लिहिले तर मात्र ते मागेच राहील. इन्स्टाग्रामवर रील आवडले तर उतरवून पुन्हा चढवण्यापेक्षा तिथल्याच शेअरच्या बाणाने स्टोरीला लावावे, करणाऱ्याचे नाव आपोआप सोबत जाते.

मूळ कुठले ते शोधायचे असेल तर क्लिपमधल्या एखाद्या ठळक चित्राचा स्क्रीनशॉट घेऊन गुगल लेन्सला द्यावा. गाणे ऐकू येत असेल तर फोनमधल्या गुगल अ‍ॅपला नुसते ऐकवले किंवा गुणगुणून दाखवले तरी नाव निघते. प्रसिद्ध गाण्यांना हे चालते, गावच्या भजनाला चालेलच असे नाही. यूट्यूबवर तीच क्लिप दहा ठिकाणी दिसली तर सर्वांत जुनी तारीख बघावी, आणि त्या चॅनेलवर त्याच माणसांची आणखी कामे आहेत का तेही. ज्या चॅनेलवर आज शेंगदाणेवाला, उद्या मांजर, परवा क्रिकेट असा खिचडीचा माल आहे, तो करणारा नव्हे, गोळा करणारा.

दूरदर्शनवर १५ ऑगस्ट १९८८ ला पहिल्यांदा लागलेले ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ या परीक्षेला लावून बघण्यासारखे आहे. सुमारे सहा मिनिटांत चौदा भाषा, त्यात मराठीही आणि कन्नडही. सुरुवातीला दिसतात ते भीमसेन जोशी. गदग जिल्ह्यात जन्मलेले, कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकलेले आणि पुण्यात राहिलेले. त्यांना सगळे ओळखतात. संगीत बांधणाऱ्यांत अशोक पत्की आणि लुई बँक्स होते, शब्द पीयूष पांडे यांचे, चित्रीकरण कैलाश सुरेंद्रनाथ यांचे, हे फॉरवर्ड होऊन आलेल्या प्रतीत कुठेच सापडत नाही. पुढच्या १५ ऑगस्टला ती क्लिप ग्रुपवर येणारच आहे, तेव्हा एवढी नावे कॅप्शनमध्ये टाकायला अर्धा मिनिट पुरेल.